मासिकाच्या पानांतून आलेला मुकुट

१७ नोव्हेंबर १९६६ची संध्याकाळ. लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये ५१ मुली मंचावर उभ्या होत्या. सट्टेवाल्यांनी भारताच्या मुलीचा भाव ६६ला १ लावला होता. तिच्यावर पैसे लावणं म्हणजे पाण्यात घालणं, असाच त्याचा अर्थ. ती २३ वर्षांची होती. मूळ गोव्याच्या, मुंबईत स्थायिक झालेल्या घरातली, आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी. त्या रात्री मुकुट तिलाच मिळाला. मिस वर्ल्ड झालेली रीटा फारिया ही आशियातली पहिली मुलगी ठरली.

तिला लंडनला पाठवलं होतं ‘ईव्हज वीकली’नं. मुंबईहून निघणारं, बायकांसाठीचं एक इंग्रजी साप्ताहिक.

सौंदर्यस्पर्धा आणि छापील कागद यांचं नातं असं जुनं आहे. अमेरिकेत पी. टी. बार्नम या नामांकित खेळवाल्यानं १८५४ साली बायकांना प्रत्यक्ष लोकांसमोर उभं करून स्पर्धा घ्यायचं ठरवलं. घरंदाज बायका पुढे येईनात आणि गावभर नाराजी पसरली. मग त्यानं नुसते फोटो मागवले. फोटो पाठवायला उंबरठा ओलांडावा लागत नव्हता. पुढे ही युक्ती वर्तमानपत्रांनी उचलली, कारण वाचकांचे फोटो छापले की अंक खपत. १९२१ साली अटलांटिक सिटीच्या व्यावसायिकांना उन्हाळ्याचा हंगाम संपल्यावरही पर्यटक धरून ठेवायचे होते. त्यांनी भरवलेल्या स्पर्धेसाठी मुली निवडून पाठवल्या त्या शहराशहरांतल्या दैनिकांनी. पहिली विजेती मार्गारेट गॉर्मन अवघी १६ वर्षांची होती. ‘मिस अमेरिका’ ही परंपरा तिथून सुरू झाली.

‘मिस युनिव्हर्स’ची कथा एका नकारातून सुरू होते. १९५१ची मिस अमेरिका योलांद बेटबीझ हिनं पोहण्याच्या पोशाखात जाहिरातीसाठी फिरायला साफ नकार दिला. तेव्हा हे पोशाख बनवणाऱ्या कॅटलिना कंपनीनं त्या स्पर्धेचा पाठिंबा काढून घेतला आणि १९५२ साली स्वतःची स्पर्धा उभी केली. तिकडे लंडनमध्ये एरिक मॉर्ली यांनी १९५१ साली ‘मिस वर्ल्ड’ सुरू केली होती.

भारतात या स्पर्धा रुजल्या त्या मुंबईत, आणि त्यांना खतपाणी मिळालं ते मासिकांच्या कचेऱ्यांतून. ‘ईव्हज वीकली’ १९४७ साली सुरू झालं, टाइम्स समूहाचं ‘फेमिना’ १९५९ साली. पाककृती, विणकाम, बाळाचं संगोपन, कथा, वाचकांच्या शंका, सौंदर्यप्रसाधनं असा सगळा संसार त्या पानांत भरलेला असे. देशी प्रसाधनांचा बाजारही तेव्हाच आकाराला येत होता. टाटांची ‘लॅक्मे’ १९५२ची. कापड, साबण आणि पावडर विकणाऱ्यांना ही वाचक हवी होती आणि मासिकाला जाहिराती हव्या होत्या. स्पर्धेत या दोन्ही गरजांची गाठ पडली. पुढे वाटणीही ठरून गेली. ‘ईव्हज वीकली’ची विजेती मिस वर्ल्डला जाई, ‘फेमिना’ची मिस युनिव्हर्सला.

सुरुवातीच्या विजेत्यांची नावं ओळीनं वाचली की त्या काळातली मुंबई डोळ्यांपुढे येते. १९४७ची मिस इंडिया एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, म्हणजे सिनेमातली प्रमिला, कलकत्त्याच्या बगदादी यहुदी घरातली. १९६४ची पहिली फेमिना मिस इंडिया मेहेर मिस्त्री, पुढच्या मेहेर कॅस्टेलिनो. १९६५ची पर्सिस खंबाटा. मग रीटा फारिया. पारशी, यहुदी, गोवेकर ख्रिस्ती. ज्या घरांत मुली इंग्रजी शाळेत जात होत्या, नोकरी करत होत्या आणि घरात इंग्रजी साप्ताहिक येत होतं, त्याच घरांपर्यंत हे प्रवेशअर्ज पोचत होते. स्पर्धेला उतरणारी मुलगी आधी त्या मासिकाची वाचक होती. यातल्या काही जणी पुन्हा कागदाकडेच वळल्या. मेहेर कॅस्टेलिनो फॅशनवर लिहिणाऱ्या पत्रकार झाल्या. पर्सिस खंबाटांनी भारतीय विजेत्यांवर ‘प्राइड ऑफ इंडिया’ हे पुस्तक केलं. १९७०ची मिस एशिया पॅसिफिक झीनत अमान हिनंही आधी ‘फेमिना’त काम केलं होतं.

रीटाच्या सामानाची हकिकत तिनं पुढे मुलाखतींत सांगितली आहे. साड्या मैत्रिणींच्या आणि पोहण्याचा पोशाख पर्सिस खंबाटाचा, सगळं उसनं. जवळ ३ पौंड. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं होतं. परदेशी चलन मोजून मापून मिळे आणि धान्याची टंचाई घरोघर जाणवत होती. लंडनला पोचल्यावर उसना पोशाख तिच्या उंचीला पुरेना, तेव्हा ती पुंजी नव्या पोशाखात गेली. डॉक्टर का व्हायचंय, असं मंचावर विचारल्यावर भारताला स्त्रीरोगतज्ज्ञांची फार गरज आहे, असं तिनं सांगितलं. कॉलेजाशी जोडलेल्या जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डांत शिकणाऱ्या मुलीचं ते उत्तर होतं. रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीतून आलेलं.

मराठी बायकांच्या वाचनानं याच काळात वेगळी वाट धरली होती. किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू झालं होतं. त्यातही स्वयंपाक होता, भरतकाम होतं, कथा होत्या. पण मुलीचं शिक्षण, लग्न, नोकरी आणि नवऱ्याचं वागणं यांवर वाचकांना बोलतं करण्याची रीत तिथे पडली होती. फेमिनाची पहिली मिस इंडिया निवडली गेली त्याच १९६४ साली विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादन विभागात आल्या. पुढे त्या संपादक झाल्या. १९८२मध्ये त्यांनी मैत्रिणींसोबत पुण्यात नारी समता मंच उभा केला आणि १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. एका वाटेनं वाचक मंचावर गेली, दुसऱ्या वाटेनं मोर्चात. दोन्हींकडे बाईला घराबाहेर आणण्यात नियतकालिकाचा हात होता, ही बाब या इतिहासात मोलाची आहे.

रीटाचं मुकुटाचं वर्ष सोपं गेलं नाही. डिसेंबर १९६६मध्ये ती विनोदी नट बॉब होप यांच्याबरोबर व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांच्या भेटीला गेली. भारताचा त्या युद्धाला विरोध होता. साडीतल्या रीटाचे सैनिकांसोबतचे फोटो छापून आले आणि देशात नाराजी उमटली. मुकुट देशाच्या नावानं मिळतो, तसा त्याचा हिशेबही देशाच्या नावानं मागितला जातो, हे २३ वर्षांच्या विद्यार्थिनीला तिथे भोगावं लागलं. करारातलं वर्ष संपल्यावर तिनं सिनेमा आणि मॉडेलिंगकडे पाठ फिरवली आणि पुन्हा वैद्यकाची पुस्तकं हाती घेतली. पुढचं शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये झालं. १९७१ साली डेव्हिड पॉवेल या डॉक्टरांशी लग्न करून ती नंतर डब्लिनला गेली.

मग जवळजवळ तीन दशकं भारताला मिस वर्ल्ड मिळाली नाही. १९९४मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी दोन्ही मुकुट आणले, तेव्हा घरोघर केबल पोचली होती. फोटोखालच्या चार ओळी वाचून ओळखली जाणारी विजेती आता दिवाणखान्यात रोज दिसू लागली. तिचं हसणं, तिचं उत्तर आणि तिच्या हातातला साबण गावोगावच्या मुलींना पाठ झाला. १९९६ साली मिस वर्ल्ड बेंगळुरूत भरली, तेव्हा स्त्री संघटना आणि संस्कृतिरक्षक अगदी वेगळ्या कारणांनी एकाच वेळी रस्त्यावर उतरले. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला हलवावी लागली.

१९९८च्या फेमिना मिस इंडिया स्पर्धेला डॉ. रीटा फारिया परीक्षक म्हणून आल्या. समोरच्या मुलींपाशी तालीम देणारे, वेशभूषाकार, आहारतज्ज्ञ असा सगळा ताफा होता. परीक्षकांच्या टेबलाशी बसलेल्या या डॉक्टरीणबाई ३२ वर्षांपूर्वी लंडनला निघाल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत मैत्रिणींच्या साड्या होत्या.