आमची गाडी, तिचे बेअरिंग आणि अप्पांचा कान

मंडळी, आज बेळगावच्या एका गाडीची गोष्ट सांगतो. तशी ती घरचीच गोष्ट आहे, पण बेळगावचा थोडा इतिहास आल्याशिवाय ती पुरी होत नाही.

१९९८ साली अप्पा आणि काकांनी मिळून गाडी घेतली. डिझेल, उंच, नऊ माणसं बसणारी आणि मागं समोरासमोर बाकं असलेली. सुमो, आर्माडा, ट्रॅक्स यांच्या काळातलीच एक, कुठली ते सांगत नाही. त्या काळी शहापुरात आणि टिळकवाडीत निम्म्या एकत्र कुटुंबांच्या दारात अशी एक तरी गाडी उभी असायची. पंढरपूर, नरसोबाची वाडी, जोतिबा, सौंदत्तीचा डोंगर, गोव्यातलं कुलदैवत, लग्नाचं वऱ्हाड आणि दवाखाना, सगळं तिच्यावरच. आजी तिला 'आमची एस्टी' म्हणायची.

अप्पा लेथवरचे. १९६४ साली बेळगावात एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, टर्नर झाले आणि पुढं उद्यमबागेत एक जुना लेथ आणि एक हातप्रेस घेऊन स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. बुश करायचे, शाफ्टला टर्निंग करायचं, ट्रकवाल्यांचे अडकलेले बेअरिंग दाबून काढायचे आणि नवे बसवायचे, असली कामं. पुणे-बेंगळूर रस्ता गावातून जायचा तेव्हा ट्रकांना तोटा नव्हता. अप्पांचं नाव होतं ते कानासाठी. गाडी फाटकात शिरली की लेथवरून मान न वळवता सांगायचे, "मागचं डावं बेअरिंग गेलंय. उतरव."

बेळगावला हे वेड नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलचं दुकान काढलं. पुढं लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं इथंच सुरू झाली. नगरपालिकेला ती जागा हवी झाली, त्यांना उठावं लागलं आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण बेळगावात किर्लोस्कर रोड राहिला आणि लोखंडाला हात लावायची सवयही राहिली. फाउंड्र्या आल्या, लेथ आले.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जूल सुरिरे नावाच्या माणसानं सायकलच्या चाकातल्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं आणि नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही शर्यत तसे बेअरिंग बसवलेल्या सायकलीनं जिंकली. अप्पांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे बेअरिंग आणि किर्लोस्कर एकाच वयाचे की!"

आता गाडीकडं येतो. इंजिन पुढं आणि ओढणारी चाकं मागं, अशा गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरेन्शियलपर्यंत ताकद न्यायला एक लांब पोकळ नळी असते. तो प्रोपेलर शाफ्ट. गॅरेजमध्ये नुसतं 'शाफ्ट' म्हणतात. खड्ड्यात मागचा अॅक्सल वरखाली होतो, म्हणून शाफ्ट नुसता सरळ असून चालत नाही. त्याला फिरता फिरता वाकावं लागतं आणि थोडं लांब-आखूडही व्हावं लागतं. लांब-आखूड होण्यासाठी मधे सरकणारा दातेरी जोड असतो. वाकण्यासाठी टोकांना बेचक्यासारखे योक असतात आणि दोन बेचक्यांच्या मधे अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. तो क्रॉस. कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोचं नाव त्याला चिकटलं, सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं त्यावर लिहिलं आणि १९०३ साली अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरनं मोटारीसाठी पेटंट घेतलं. त्याआधी बऱ्याच मोटारी सायकलीसारख्या चेननंच चालायच्या.

क्रॉसच्या चारही टोकांवर वाट्या असतात आणि त्यांत सुईसारखे बारीक रोलर. अप्पा मला लहानपणी सांगायचे, की हे रोलर पूर्ण फिरत नाहीत, जागच्या जागी थोडे मागंपुढं होतात. म्हणून ग्रीस पसरत नाही आणि त्याच जागी घासून घासून पोलादावर रेघा पडतात. ग्रीस सुकलं की आधी हळू चालताना चीं-चीं ऐकू येतं, चिमणी ओरडल्यासारखं. तेव्हा ग्रीस मारलं तर बऱ्याचदा भागतं. नाही मारलं तर क्लच सोडताना 'टण्ण' होतं. मग क्रॉस बदलावा लागतो. तेही नाही केलं, तर शाफ्ट रस्त्यावर पडतो.

आमच्या गाडीचं पहिलं मोठं दुखणं २००६ चं. जोतिबाहून येताना निपाणीच्या अलीकडं टण्ण-टण्ण वाढलं. अप्पा सोबत नव्हते, काका चालवत होते. हायवेलगतच्या एका पोरानं तासाभरात क्रॉस बदलून दिले. निघालो आणि साठच्या वर गेलं की अख्खी गाडी थरथरायला लागली. आजी म्हणाली, "नवा पार्ट घालून हे असं?"

दुसऱ्या दिवशी गाडी जुन्या पी. बी. रोडवरच्या आमच्या मेस्त्रींकडं नेली. हे मेस्त्री अप्पांच्या वयाचे. घरात उर्दू, हिशेब कन्नडमध्ये आणि अप्पांशी मराठी. सीमाप्रश्नावर आमच्या घरात तासन् तास वाद व्हायचे, पण त्या गॅरेजात क्रॉसला मराठीतही क्रॉस, कन्नडमध्येही क्रॉसच. मेस्त्री गाडीखाली गेले आणि मिनिटभरात बाहेर येऊन म्हणाले, "मालक, बेचकी एका रेषेत नाहीत."

याचं कारण असं. क्रॉस वाकून फिरतो तेव्हा पुढच्या टोकाचा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दोन टोकांचे दोन क्रॉस एकमेकांची ही चूक पुसून टाकतात, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांची बेचकी एका रेषेत असली तरच. त्या पोरानं शाफ्ट खोलताना खूण केली नव्हती आणि सरकणारा जोड चुकीच्या दातावर बसवला. मग दोन्ही चुकांची बेरीज झाली. आमच्या मेस्त्रींची पद्धत अशी, की पाना लावायच्या आधी छिन्नीनं दोन्ही बाजूंना एकेक ठिपका मारायचा. त्या ठिपक्याला दोन सेकंद लागतात.

थरथर गेली, पण थोडी वसुली ठेवून गेली. वर्षाभरात शाफ्टच्या मध्यावरचं सेंटर बेअरिंग गेलं. ते रबरात बसवलेलं असतं आणि थरथरीनं रबर फाटलं होतं. रेल्वे गेटाशी थांबून पुन्हा निघताना गाडीखालून दणके यायचे. मेस्त्री म्हणाले, "एक पार्ट एकटा कधी मरत नाही, शेजाऱ्याला घेऊन जातो."

तोपर्यंत वर्कशॉप बंद झालं होतं. अप्पांनी लेथ विकला, हातप्रेस एका ओळखीच्याला दिला. गाडी मी चालवायला लागलो. अप्पा पुढं डावीकडं बसायचे आणि काही आवाज आला की सगळे त्यांनाच विचारायचे. हळूहळू त्यांची उत्तरं एकसारखी व्हायला लागली. "काही नाही, टायर आहेत." "काही नाही, दगड लागला असेल." आम्हाला वाटलं, वय झालं, आता त्यांना या गोष्टींत रस उरला नाही. टीव्ही मोठा लावायचे. दारावरची बेल मात्र आईच ऐकायची. आमच्या कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही.

२०१४ च्या पावसाळ्यात चोर्ल्याच्या वाटेनं गोव्याला कुलदैवताला निघालो. गाडीत आठ माणसं, त्यांत अक्काची दोन लहान पोरं. जांबोटी सोडलं आणि मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. अक्का म्हणाली, "विमानागत आवाज येऊलाय की रे!" उजवीकडच्या वळणावर आवाज वाढायचा, डावीकडच्या वळणावर कमी व्हायचा. आज मला त्याचा अर्थ कळतो. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर जातो, म्हणजे दोष डाव्या बाजूला. हे अप्पांनीच मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. मी विचारलं, "अप्पा, काय हो हे?"

अप्पा समोर बघत म्हणाले, "काही नाही, टायर आहेत. चल तू."

मी गेलो. कणकुंबी मागं पडली, उतार सुरू झाला. दोन वळणं घेतली आणि ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडं ओढली. पुढच्या वळणाला ब्रेक नेहमीपेक्षा खोल गेला आणि आत जळकट वास आला. पाऊस, धुकं आणि डावीकडं दरी. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढत कशीबशी गाडी डोंगराच्या कडेला लावली.

उतरून बघितलं तर मागच्या डाव्या टायरची आतली बाजू तेलानं माखलेली. बेअरिंग ढिलं झालं, त्यानं ऑइल सील खाल्लं आणि डिफरेन्शियलचं तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं. तेल लागलेला ब्रेक धरणार तरी कसा? आणि आमच्या गाडीत त्या चाकाचा अर्धा अॅक्सल त्या बेअरिंगच्या जोरावरच जागी राहतो. कॉलर सुटली असती, तर चाक अॅक्सलसकट बाहेर आलं असतं.

अप्पा पावसात उभे राहिले. खाली वाकून चाकाला हात घातला, वरून धरून हलवलं. चाक बोटभर हललं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला ऐकूच आलं नाही रे."

एवढंच म्हणाले. पोरं गाडीत भेंड्या खेळत होती.

क्रेननं गाडी बेळगावला आणली. मेस्त्रींनी कॉलर कापून बेअरिंग काढलं, आतल्या रिंगवर पत्र्यासारखे पापुद्रे निघालेले. नवं बेअरिंग दाबून बसवलं आणि गाडी जॅकवर असतानाच उजवं चाक हातानं फिरवून कान दिला. म्हणाले, "हे ठीक आहे."

अप्पा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. उठले, खाली बसले आणि उजव्या बाजूच्या कमानपाट्यांवर तळहात ठेवला. मला म्हणाले, "फिरव." मी चाक फिरवलं. हात न उचलता अप्पा म्हणाले, "मेस्त्री, हेपण खडबडूलंय." मेस्त्रींनी हात ठेवून बघितला, पुन्हा फिरवायला लावलं आणि मान हलवली. उजवं बेअरिंग काढलं तर त्यालाही खड्डे पडायला सुरुवात झाली होती. दोन्हींनी सोळा वर्षं तेवढाच भार आणि ओढ्यांचं तेवढंच पाणी सोसलं होतं, वेगळं काय होणार?

त्याच आठवड्यात अप्पांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सांगितलं, की वर्षानुवर्षं यंत्रांच्या आवाजात राहिलेल्या माणसाचे आधी बारीक, उंच आवाज जातात आणि मग इतर. म्हणजे चिमणीचा आवाज सगळ्यात आधी गेला असणार. कधी, ते अप्पांनाही सांगता आलं नाही. सांगायची लाज वाटायची, म्हणून 'टायर आहेत' म्हणायचे. ज्या कानावर त्यांनी वर्कशॉप चालवलं, तो त्या वर्कशॉपनंच खाल्ला होता. कानात बोळे घालायचे असतात, हे १९६४ च्या हेल्परला सांगणार कोण?

चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. आवाज सात माणसांनी ऐकला होता आणि तो ज्याला ऐकू येत नव्हता त्याला आम्ही विचारत होतो. बेळगावात घराघरांत असा एक माणूस असायचा, लोखंड कळणारा. त्याच्या भरवशावर बाकीच्यांनी कान बंद ठेवले. तो म्हातारा होईल, हा हिशेबच कोणी केला नव्हता.

अप्पा कानाच्या मशीनला वर्षभर नको म्हणाले. २०१५ च्या दिवाळीआधी तयार झाले. मशीन बसवून आम्ही दवाखान्यातून निघालो, बाजारातल्या गर्दीत गाडी हळू चालली होती. अप्पा एकदम म्हणाले, "थांब. चिमणी ओरडूलीय."

मला वाटलं, बाहेरची चिमणी.

"मागचा क्रॉस सुकलाय. मेस्त्रींकडं घे."

तो आवाज आम्ही सगळे दोन महिने ऐकत होतो. आईला वाटत होतं सीट वाजते, मला वाटत होतं मागचा दरवाजा. मेस्त्रींनी निपलला ग्रीस गन लावली, चार पंप मारले, आवाज बंद. पैसे घेतले नाहीत, चहा मागवला. अप्पा चहा पीत गॅरेजमधले सगळे आवाज एकेक करून ऐकत बसले होते.

गाडी अजून आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून घेतली, नंतर पुन्हा एकदा केली. आता लांब नेत नाही, खानापूरपर्यंत फार तर. दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस मारतो आणि महिन्यातून एकदा काच खाली करून, रेडिओ बंद करून, भिंतीच्या कडेनं हळू चालवतो. भिंतीवरून आवाज परत येतो, नीट ऐकू येतो. हेही अप्पांनीच शिकवलंय.

तुमच्या घरी असा कान असलेलं कोणी होतं का? असेल तर लिहा. आणि ते अजून असतील, तर आज घरी गेल्यावर जरा हळू आवाजात हाक मारून बघा.