शर्यत थांबली, पागा थांबली नाही

मंडळी, घोड्यांच्या शर्यतीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? रंगीत सदरे घातलेले जॉकी, दौडणारे घोडे, पैजा लावणारी गर्दी आणि कुणाचा तरी रिकामा झालेला खिसा. हा सारा खेळ दोन-तीन मिनिटांचा. त्या मिनिटांसाठी वर्षभर अंधारात उठणारी माणसे मात्र आपल्याला दिसत नाहीत. २०२० साली करोनाची साथ जगभर पसरली, तेव्हा या माणसांच्या कामाचे काय झाले, ते आज पाहू या. त्यासाठी आधी इंग्लंडात जाऊ. कारण आपल्या मुंबई-पुण्याकडे या शर्यती आल्या त्या इंग्रजांबरोबरच.

मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात तिथे चेल्टनहॅमचा चार दिवसांचा मेळा भरला. चार दिवसांत मिळून सुमारे अडीच लाख लोक आले. आणि पुढच्याच आठवड्यात, १८ मार्चपासून, ब्रिटनमधल्या साऱ्या शर्यती बंद झाल्या. एप्रिलातली नामांकित ग्रँड नॅशनलही रद्द झाली.

आता गिरणी बंद करायची तर यंत्रे थांबवली, दाराला कुलूप लावले, की झाले. पागेचे तसे नाही. दावणीला बैल असलेल्या माणसाला हे सांगायला नको. घरात लग्न असो की गावात साथ असो, जनावराला वैरणपाणी करावेच लागते. शर्यतीच्या घोड्याची गोष्ट तर याहून अवघड. साडेचारशे-पाचशे किलोंचे ते जनावर. त्याला रोज भरपूर चंदी लागते आणि रोज दौडही लागते. चंदी तशीच ठेवून त्याला नुसते उभे केले, तर पुन्हा कामाला लावताच अंगाचे स्नायू आखडतात, पाऊल उचलेनासे होते. ओझी ओढणाऱ्या घोड्यांना रविवारच्या सुट्टीनंतर हा त्रास होई, म्हणून तिकडे त्याला सोमवारचे दुखणे म्हणत. तेव्हा शर्यती नसल्या तरी चारापाणी, खरारा, लीद काढणे आणि सकाळची फेरी, यांतले काहीच चुकले नाही. सांगणारे सांगत, अंतर ठेवा. पण स्वाराला हात देऊन घोड्यावर चढवायचा, तर अंतर ठेवायचे कसे?

काम राहिले; कमाईचे काय? जॉकीला पैसे मिळतात ते दर शर्यतीमागे. शर्यत नाही, म्हणजे कमाई नाही. मोतद्दाराला पगार असतो. पण त्याच्या घोड्याने बक्षीस मिळवले, तर त्या रकमेतला लहानसा वाटा पागेतल्या माणसांनाही मिळतो. तो वाटा थांबला. काही मालकांनी घोडे लवकर कुरणात सोडले आणि माणसांना घरी बसवले. अशांसाठी ब्रिटिश सरकारने पगाराचे ८० टक्के, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, देण्याची योजना काढली. तिचा मोठा आधार झाला. मात्र जे पागेत राहिले, त्यांच्यावर कामाचा भार वाढला.

अमेरिकेत दुखणे निराळे होते. तिथे पुष्कळ कामगार रेसकोर्सच्याच आवारात, एका खोलीत दोघे-तिघे असे राहतात. न्यूयॉर्कमध्ये अशाच एका कामगाराला लागण झाल्याचे कळले आणि १९ मार्च २०२० ला ॲक्विडक्ट मैदानावरच्या शर्यती थांबल्या. कामाची जागा आणि राहण्याची जागा एकच असली, की आजारी माणसाने वेगळे व्हायचे तरी कुठे?

ब्रिटनमध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या १ जून २०२० ला, न्यूकॅसल येथे, प्रेक्षकांवाचून. आत येणाऱ्याचा ताप पाहिला जाई. जॉकी तोंडाला फडके बांधून दौडले. वजन उतरवण्यासाठी जॉकी जिथे घाम काढत बसत, त्या वाफेच्या खोल्या बंद झाल्या. एका जॉकीने एका दिवशी एकाच मैदानावर जायचे, असाही नियम झाला. आणि गंमत पाहा, साथ ओसरल्यावरही हे दोन्ही नियम कायम ठेवण्यात आले. शरीर सुकवणे आणि दिवसात दोन गावांना धावपळ करणे, ही या धंद्याची जुनी खोड. ती मोडायला साथ यावी लागली!

आणि आपल्याकडे? मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ सालचे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. पुढे त्याच रेसकोर्सच्या आवारात करोनाच्या रुग्णांसाठी केंद्र उभे राहिले. शहर बंद होते, रस्ते ओस होते. पण ठाणावरच्या घोड्याला दाणा-पाणी कुणीतरी वेळेवर द्यायलाच हवे होते.

ही काही पैजेची भलावण नव्हे. पैजेने संसार बुडतात, हे आपण जाणतोच. पण धंदा कसलाही असो, त्यात राबणाऱ्याचे कष्ट खोटे नसतात. शिक्षकांनी वर्गात मुलांना एवढे जरूर विचारावे: टाळेबंदीत कुणाचे काम बंद ठेवता आले आणि कुणाचे नाही? गुराखी, गवळी, परिचारिका, सफाई कामगार, सईस अशी यादी मुले आपण होऊन करतील. मग दुसरा प्रश्न विचारावा. ज्याचे काम एक दिवसही थांबवता येत नाही, त्याची मजुरी शर्यतीच्या निकालावर का टांगून ठेवावी?