बाळंतिणीचे गाठोडे

आठवा महिना सरत आला की घरात एक पिशवी भरली जाऊ लागते. धुऊन उन्हात वाळवलेली झबली-टोपडी, लंगोटांची चळत, दोन मऊ दुपटी, बाळंतिणीसाठी सैल कपडे, कानाला बांधावयाचा रुमाल आणि चटकन हाताशी येतील अशी तपासणीची कागदपत्रे तीत असतात. घरातील वडील बाई ती पिशवी दोनदा उघडून पाहते, कारण कळा रात्री-अपरात्री सुरू झाल्या तर ऐन वेळी शोधाशोध नको. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः बाळंतपणासाठी सामान बांधून इस्पितळाची वाट धरणे ही रीत महाराष्ट्रात फार जुनी नाही. पुष्कळशा कुटुंबांत तर ती आजीच्या नव्हे, आईच्याच पिढीत आली. आणि या पिशवीत कोणते कापड जावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर बदलण्यास जो काळ लागला, त्या काळात असंख्य जीव गेले.

पूर्वी गाठोडे बांधले जात नसे असे नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून घेऊन माहेरी जाई, तेव्हा तिच्याबरोबर लुगड्यांचे गाठोडे असेच. मूल झाल्यावर नात्यागोत्यातून बाळंतविडा येई. त्यात कुंची, झबले, पाळण्यावरचे चिमणाळे, डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरे असे. परंतु ही दोन्ही गाठोडी हौसेची व मायेची. प्रत्यक्ष प्रसूतीच्या घटकेशी त्यांचा संबंध नव्हता. त्या घटकेसाठी लागणारे कापड निराळे, आणि ते निवडण्याची दृष्टीही निराळी.

बाळंतिणीची खोली बहुधा घराच्या आडबाजूची, काळोखी. वारा लागू नये म्हणून झरोका बंद केलेला. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. तीवर ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरी. सुईण येई ती दुसऱ्या घरचे काम आटोपून तशीच. जन्माबरोबर घराला दहा दिवसांचे सोयर लागे आणि तेवढे दिवस बाळंतीण विटाळात असे. तिला ज्याचा स्पर्श झाला ते सर्व अशुद्ध मानले जाई. तेव्हा जे कापड त्या खोलीत गेले ते पुन्हा घरच्या वापरात यावयाचे नाही. ते टाकून द्यावयाचे, नाही तर सुईणीला द्यावयाचे. यावरून पुढचा हिशेब आपोआपच होई. जे जाणारच, ते चांगले कशाला काढा? म्हणून अडगळीतील फाटकी वाकळ, धूळ खात पडलेले जुनेर, कोठली तरी चिंधी हे सर्व नेमके बाळंतिणीच्या वाट्याला येई. यात दुष्टपणा नव्हता. ज्या आईने लेकीसाठी साजूक तुपात लाडू वळले, तीच आई हे जुनेर काढून देई. जे विटाळणार आहे ते मळके असले तरी चालेल, अशी ती समजूत होती. आणि शुद्धता व स्वच्छता या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते.

त्या समजुतीची किंमत दोन रोगांनी वसूल केली. एक बाळंतज्वर. हात, कापड किंवा हत्यार यांवरून जंतू गर्भाशयात शिरले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप भरे आणि धडधाकट तरुण स्त्री आठवडाभरात जाई. दुसरा नवजात बालकाचा धनुर्वात. नाळ विळ्याने, शिंपेने किंवा बांबूच्या कांबीने कापली, तीवर राख वा शेण लावले, अथवा ती मळक्या दोऱ्याने बांधली, तर मातीतील जंतू त्या ओल्या जखमेत शिरत. पहिले दोन दिवस नीट दूध ओढणारे मूल एकाएकी तोंड उघडीनासे होई, अंग ताठ होई, आणि बहुधा पहिल्या पंधरवड्यातच सारे संपे. पाचवी पुजावयाची, सहाव्या रात्री सटवाई येऊन ललाटलेख लिहिते म्हणून जागरण करावयाचे, या चाली अनेक घरांत होत्या. त्यांचा उगम कशातही असो. जन्मानंतरचा तो पहिला आठवडा घातकी आहे, हे आयाबायांनी पुरते ओळखले होते. भय खरे होते. त्याचे कारण मात्र त्यांना खोलीत घातलेल्या चिंधीत आणि विळ्यात दिसत नव्हते.

याचा अर्थ जुन्या रीतीत काहीच चांगले नव्हते असा नव्हे. सव्वा महिन्याची सक्तीची विश्रांती, बाळाला आईच्या उबेत ठेवणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून दोघांना दूर राखणे, अंगाला तेल आणि पोटाला पौष्टिक अन्न, यांतील पुष्कळ गोष्टी आजचे वैद्यकही मान्य करते. उलट, घर सोडून इस्पितळात गेले म्हणजे जीव वाचला, असेही प्रारंभी मुळीच नव्हते. याची साक्ष युरोपातूनच मिळते.

व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक इस्पितळात इ. स. १८४७ च्या सुमारास प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात सुइणींचे शिक्षण चाले, दुसऱ्यात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराचे थैमान इतके की, तेथे आपणास घालू नये म्हणून स्त्रिया गुडघे टेकून विनवीत. वाटेतच रस्त्यावर प्रसूत झालेल्या बायकासुद्धा त्या विभागातील बायकांहून सुखरूप राहत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने याचा माग काढला. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासीत. मे १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या वर गेलेले मृत्यू जूनमध्ये शेकडा सुमारे २ वर आले. इतका उघड पुरावा असूनही त्याच्या समव्यवसायी मंडळींनी त्याची उपेक्षा केली, आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८७१ साली प्रसूतिगृहांवर लिहिलेल्या पुस्तकात, अशा संस्थांपेक्षा स्वतःचे घर बाळंतिणीस अधिक सुरक्षित, असेच दाखवून दिले. पाश्चर व लिस्टर यांच्या संशोधनानंतर जंतूंची कल्पना सर्वमान्य झाली, तेव्हा कोठे इस्पितळ हे मरणाचे दार राहिले नाही. म्हणजे विटाळाच्या कल्पनेने जे नुकसान आपल्याकडील खोलीत झाले, ते विद्येच्या अहंकाराने तिकडील इस्पितळात झाले. दोन्हीकडे उणीव एकच होती : धुतलेले हात आणि धुतलेले कापड.

महाराष्ट्रात हा प्रश्न एका मुलीच्या आयुष्यात फार जवळून पाहावयास मिळतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचते, ही टोचणी त्यांना लागून राहिली. मार्च १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, तेव्हा आपल्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांना करावयाचे होते ते काम दुसऱ्यांनी हाती घेतले. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य देण्यासाठी निधी निघाला. १८८६ साली पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून मुंबईत स्त्रियांचे व मुलांचे इस्पितळ उघडले. तेथे उपचार करणाऱ्याही स्त्रियाच असल्यामुळे पुरुष डॉक्टरांच्या संकोचाने घरी राहणाऱ्या बायकांची एक मोठी अडचण दूर झाली. रखमाबाईंनी १८९० नंतरच्या दशकात विलायतेहून डॉक्टर होऊन सुरत येथे स्त्रियांच्या इस्पितळाची धुरा वाहिली.

तरीही उंबरठा ओलांडणे सोपे नव्हते. परक्याच्या हातचे पाणी, परक्यांचा स्पर्श, सोयर कसे पाळावयाचे याची चिंता, आणि इस्पितळात जातो तो परत येत नाही ही समजूत, या सर्वांनी पावले अडत. त्यांतून वाट निघाली ती कित्येकदा विचाराने नव्हे, गरजेने. गिरणगावातील चाळीत एका खोलीत सारे बिऱ्हाड. तेथे बाळंतिणीला स्वतंत्र खोली द्यावयाची कोठून? ज्यांना जमे त्या कोकणात वा देशावर गावी जात. राहत त्यांची पंचाईत होई. परळला १९२६ साली नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह निघाले ते या वस्तीच्या ऐन मध्यावर. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे व मदतीचे बिल आले, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली त्याचा कायदा झाला. बाळंतपण ही केवळ घरातील बायकांची बाब नसून समाजाचेही तीत देणे आहे, ही गोष्ट येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत लिहिली गेली.

समाजाच्या या देण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र दूर उत्तरेकडील फिनलंडचे. १९३० नंतरच्या दशकात त्या गरीब देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे ६५ पहिल्याच वर्षात दगावत. तेथील सरकारने १९३७ साली कायदा करून १९३८ पासून गरीब आयांना साहाय्य देण्यास आरंभ केला. हे साहाय्य पुष्कळदा वस्तुरूपाने, म्हणजे बाळाचे कपडे व ते शिवण्यासाठी कापड यांच्या रूपाने मिळे. म्हणजे एक प्रकारे सरकारी बाळंतविडाच. पुढे हे सामान ज्या पुठ्ठ्याच्या पेटीत येई, त्याच पेटीत लहानशी गादी घालून कित्येक बाळांचा पहिला बिछाना झाला. १९४९ साली ही मदत गरीब-श्रीमंत सर्व आयांना खुली झाली; अट एवढीच की, चौथा महिना संपण्यापूर्वी गर्भवतीने डॉक्टरकडे किंवा तपासणी केंद्रात जाऊन यावे. पेटीचे खरे मर्म या अटीत होते. मऊ कापडाच्या ओढीने बाई वेळेवर तपासणीला येऊ लागली. फिनलंडमधील बालमृत्यू पुढे जगातील सर्वांत कमी प्रमाणांत मोजले जाऊ लागले, त्याचे श्रेय एकट्या पेटीला देता येणार नाही. परंतु दाराशी आणून पोचविण्याचे काम तिने केले.

भारतात हे दार सर्वांना उघडण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरांपैकी सुमारे २६ प्रसूती इस्पितळात झालेल्या आढळल्या. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली. २०१९-२१ च्या पाहणीत हेच प्रमाण सुमारे ८९ वर गेले, आणि महाराष्ट्रात सुमारे ९५ वर. महाराष्ट्रात २०१९ साली शासकीय संस्थांत पहिल्या बाळंतपणासाठी येणाऱ्या मातेला कपडे, पांघरूण, मच्छरदाणी इत्यादी वस्तूंचा संच देण्याची योजनाही निघाली. जेथे इस्पितळ पोचले नव्हते तेथे सुईणींना नवे पाते, निर्जंतुक दोरा, साबण आणि स्वच्छ कापड यांची लहानशी पुडकी देण्यात आली. गर्भवतीस धनुर्वाताची लस मिळू लागली. १९८८ साली जगभर सुमारे ७,८७,००० नवजात बालके धनुर्वाताने गेली होती. आणि २०१५ साली माता व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन भारतात झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ज्या रोगाच्या भयाने कित्येक पिढ्यांनी सहाव्या रात्री दिवा जागता ठेवला, त्याला आवरण्याचे काम एका सुईने, एका पात्याने आणि धुतलेल्या कापडाने केले.

आजच्या पिशवीत पुष्कळ वस्तू विकतच्या असतात. तरीही बहुतेक घरांत तिच्या तळाशी आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे दुपटे ठेवलेले आढळते. शेकडो वेळा धुवून त्याचे सूत असे मऊ झालेले असते की, नव्या कापडाला ती सर यावयाची नाही. पणजीच्या काळी असेच लुगडे जुने झाले म्हणून, टाकून द्यावयाचेच म्हणून, बाळंतिणीच्या खोलीत जात असे. आता ते स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्तरी फिरवून, घडी घालून ठेवले जाते. पिशवी भरताना आजी ते हातात घेते, एकदा हुंगून पाहते, कोठे ओल तर राहिली नाही ना याची खात्री करून घेते, आणि मगच आत ठेवते.