अनुवादयंत्राची जोडणी

यांत्रिक अनुवादाचा इतिहास बहुधा यंत्राच्याच अंगाने सांगितला जातो. आधी व्याकरणनियमांचा काळ, मग संख्याशास्त्राचा, मग न्यूरल जाळ्यांचा. पण हे यंत्र लिहिणाऱ्याच्या हाताशी कोणत्या वाटेने पोचते, हा प्रश्न मागेच राहतो. संगणकक्षेत्रात या वाटेला प्लगइन किंवा इंटिग्रेशन म्हणतात; आपण तिला जोडणी म्हणू. लहान भाषांच्या दृष्टीने ही जोडणी यंत्राइतकीच निर्णायक ठरली आहे.

2005 साली स्पेनमधील अलिकांते विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘अपर्टियम’ ही मुक्तस्रोत प्रणाली प्रसिद्ध केली. तिला सरकारी अर्थसाहाय्य होते. पहिल्या जोड्या स्पॅनिश–कॅटलान आणि स्पॅनिश–गॅलिशियन अशा सख्ख्या शेजारी भाषांच्या होत्या. प्रणालीची रचना सुटसुटीत होती. शब्दाचे रूप ओळखणारा, व्याकरणिक बदल करणारा, नवे रूप घडवणारा असे स्वतंत्र घटक एकामागून एक चालत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती जाई. शब्दकोश व नियम इंजिनापासून वेगळे ठेवलेले असल्यामुळे इंजिनाला हात न लावता नवी भाषा घालता येई. परवाना मुक्त असल्याने इतरांना ही प्रणाली आपल्या साधनांत बसवता येई.

त्याचे फळ दहा वर्षांनी मिळाले. जानेवारी 2015 मध्ये विकिपीडियाच्या काही भाषांत ‘कंटेंट ट्रान्सलेशन’ हे साधन चाचणीरूपात आले. डावीकडे मूळ लेख, उजवीकडे अनुवाद, आणि आरंभीचा यांत्रिक मसुदा अपर्टियमचा. कॅटलान विकिपीडिया पहिल्या तुकडीतच होता. पुढे यांडेक्स आणि 2019 मध्ये गूगलचे यंत्रही जोडले गेले. भाषांची संख्या वाढली. मात्र ही यंत्रे कंपन्यांच्या मालकीची. त्यांच्या आत पाहता येत नाही आणि सेवेच्या अटी त्यांच्याच हाती राहतात.

2023 साली विकिमीडियाने ‘मिंट’ ही सेवा आणली. तीत खुली भाषाप्रारूपे विकिमीडियाच्याच सर्व्हरवर चालतात. आयआयटी मद्रासमधील ‘एआयफॉरभारत’ गटाचे ‘इंडिकट्रान्स2’ त्यांपैकी एक. आठव्या अनुसूचीतील 22 भाषांसाठी ते तयार केलेले आहे, म्हणजे मराठी आणि कोकणीही त्यात आल्या.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, आणि आता मसुदा क्षणात मिळतो. तो जसाच्या तसा छापला, तर इंग्रजी वाक्यरचनेचा सांगाडा मराठी शब्द पांघरून वावरू लागेल. पुढची यंत्रे तीच मराठी प्रमाण मानून शिकतील. हा धोका ओळखूनच या साधनात फारसा न बदललेला मसुदा प्रकाशित करण्यावर मर्यादा आहेत. शिवाय मूळ मजकूर, यंत्राचा मसुदा आणि माणसाने केलेली दुरुस्ती यांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला जातो.

म्हणून मराठी संपादकाने सुधारलेले एकेक वाक्य त्या लेखापुरते राहत नाही. ते उद्याच्या यंत्राचा धडा होऊ शकते. जोडणी खुली असल्याचा अर्थ हाच, की भाषेची जबाबदारी पुन्हा भाषकांकडे आली आहे.