जितकी मतं, तितक्या जागा: मग सरकार टिकतं का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘मतांच्या प्रमाणात जागा देणं न्याय्य असेल, पण अशानं सरकार चालतं का?’ आम्ही वर्गात शिकवायचो तेव्हा याचं एक ठरलेलं उत्तर द्यायचो: जर्मनीकडे बघा! ते उत्तर आज आपण पुन्हा तपासून पाहू.

वायमार प्रजासत्ताकात ६०,००० मतांमागे एक जागा, असा हिशोब होता. किमान टक्केवारीची अट नव्हती. चौदा वर्षांत वीसच्या आसपास मंत्रिमंडळं झाली. १९२८ मध्ये २.६ टक्के मतांवर नाझींना १२ जागा मिळाल्या. म्हणजे हिटलरला दार या पद्धतीनंच उघडलं, असं आम्ही सांगायचो.

पण जुलै १९३२ मध्ये नाझींना ३७ टक्के मतं पडली. एवढ्या मोठ्या पक्षाला कुठली किमान अट अडवणार होती? खरी अडचण वेगळी होती. नाझी आणि कम्युनिस्ट मिळून निम्म्याहून अधिक जागा झाल्या. त्यांना एकत्र सरकार बनवता येत नव्हतं, पाडता मात्र कुठलंही येत होतं. सप्टेंबरमध्ये पापेन सरकारवर ५१२ विरुद्ध ४२ मतांनी अविश्वास दाखवला गेला. ‘हा नको’ यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत; ‘मग कोण?’ यावर कुणाचंच नाही.

जानेवारी १९४९ मध्ये आपल्या संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ही पद्धत नाकारली, ती कायदेमंडळाचे तुकडे पडतील आणि सरकार अस्थिर होईल म्हणून. त्याच वर्षी मे महिन्यात पश्चिम जर्मनीनं याच धोक्यावर वेगळा उपाय केला. मतांचं प्रमाण ठेवलं, पाडण्याचा नियम बदलला. नवा चॅन्सेलर निवडल्याशिवाय संसदेला जुना काढता येणार नाही! १९७२ मध्ये ब्रांट यांना हटवण्याचा प्रयत्न फसला. १९८२ मध्ये श्मिट गेले, ते त्याच मतदानानं कोल यांना निवडून. १९४९ ते १९९८ पर्यंत चॅन्सेलर झाले फक्त सहा.

तेव्हा आमचं जुनं उत्तर अर्धवट होतं. सरकारची ताकद नुसत्या मतमोजणीवर ठरत नाही. पाडणाऱ्यावर पर्याय देण्याची जबाबदारी आहे की नाही, यावरही ठरते.

अर्थात हे फुकट मिळालेलं नाही. जर्मनीनं पाच टक्क्यांची अटही घातली, आणि २०१३ मध्ये तिच्यामुळे १५ टक्क्यांहून अधिक मतं वाया गेली. स्थैर्यासाठी इतक्या लोकांचा आवाज बाहेर ठेवणं आपल्याला मान्य आहे का? पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.