अजिंठ्याच्या नकला आणि घरचे फोटो

१८४४ साली मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी अजिंठ्यास येऊन राहिला. लेण्यांतील भित्तिचित्रांच्या तैलरंगांत नकला करावयाच्या आणि त्या विलायतेस धाडावयाच्या, हे त्याचे काम. काळोखी गुंफा, वटवाघळे, आणि भोवती रान! माणसाची ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. त्याच्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत जवळजवळ सगळ्या जळून गेल्या.

पण एक मौज पाहा. त्या नकलांवरून जॉर्ज शार्फ याने काढलेल्या लहानशा रेखाकृती मिसेस स्पीअर यांच्या प्राचीन भारतावरील पुस्तकात १८५६ सालीच छापून गेल्या होत्या. त्यांत ना रंग, ना मूळ चित्राची भव्यता. तरी छापील पुस्तकाच्या अनेक प्रती अनेक घरी गेलेल्या, म्हणून त्या उरल्या. थोरले रूप जळाले, धाकटे तगले!

पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तेथे गेले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. यांच्याही नकलांपैकी पुष्कळ १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात जळाल्या. (अजिंठ्याच्या नकलांशी अग्निनारायणाचे काय वैर होते कोण जाणे.) चित्र उजळ दिसावे म्हणून नकलाकारांनी भिंतींवर व्हार्निश फासले, ते पिवळे पडले, आणि नकलेपायी अस्सलच काळवंडले. ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड १८९६-९७ मध्ये निघाले. त्यांतील रंगीत चित्रे शिळाछापाची होती. शिळाछापात एकेका रंगासाठी एकेक निराळा दगड लागे. म्हणजे भिंतीवरच्या असंख्य छटा मोजक्या दगडांत बसवावयाच्या, उरलेल्या गाळावयाच्या. त्यानंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी रंगीत छायाचित्रांच्या आधारे १९३० ते १९५५ या काळात चार भाग प्रसिद्ध केले.

निजामाच्या त्याच राज्यात परभणी जिल्हा होता आणि गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगावही. रेणुकामातेच्या या गावात तेव्हा कॅमेरा किती घरांत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आज नवरात्रात दर्शनाला आलेला पोरगा खिशातून मोबाइल काढतो आणि क्षणात पुण्याच्या आत्याला देवळाचा फोटो धाडतो. आत्याबाईंना पोचते ती मात्र बहुधा नक्कलच. व्हॉट्सॲप फोटो नेहमीच्या रीतीने धाडताना लहान करते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडला तर जसाच्या तसा जातो.

या गाळणीचे शास्त्र घडवण्यात आपल्या माणसांचा हात आहे. बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली एक गणिती रीत प्रसिद्ध केली. तिच्याच पायावर १९९२ मध्ये जेपेग उभे राहिले. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून द्यायचा. देवळाच्या, माणसांच्या फोटोला हे फार सोयीचे. पण फोटो उघडून, बदलून, पुन्हा जेपेगमध्येच साठवला की दर खेपेस थोडे गळते. नुसती फाइल एका जागेहून दुसरीकडे नेल्याने काही गळत नाही.

१९८७ चे गिफ त्या शिळाछापाचेच भावंड म्हणावे, कारण त्यात एका चित्राला २५६ रंग मिळतात. १९९६ चे पीएनजी काही टाकत नाही. सातबाऱ्याचा उतारा, लग्नपत्रिका, अक्षरे, नकाशे यांच्या कडा त्यात स्वच्छ राहतात. फोटोला मात्र ते जागा फार खाते. आणि जेपेगचे पीएनजी केले म्हणून गळालेले परत येते, ही समजूत सोडावी. शार्फच्या रेखाकृतीवरून तैलचित्र रंगवले तर गिलचे रंग थोडेच परत येणार? आयफोन २०१७ पासून एचईआयसी नावाचा प्रकार वापरतात. त्यात जागा सुमारे निम्मी लागते, पण तालुक्याच्या स्टुडिओतल्या जुन्या संगणकावर तो उघडेलच असे नाही. छापायला नेताना त्याचे जेपेग करून न्यावे.

आता दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंकेच्या तळाशी पणजोबांचा पागोट्यातला फोटो सापडला, तर तो स्कॅन करून टिफमध्ये ठेवावा. फाइल जड होते, होऊ द्या. डाग पुसायचे ते तिच्या प्रतीवर पुसावेत, आणि नातेवाइकांना धाडायला तिच्यावरून जेपेग काढावे. आणि टिफची एक प्रत आत्याबाईंकडेही असू द्यावी. गिलच्या नकला एकाच छपराखाली होत्या.