रक्तातील ताम्रवहन
लहान आतड्यात शोषलेले तांबे अल्ब्युमिन व अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन या प्रथिनांना चिकटून यकृतात पोचते. तेथे सेरुलोप्लाझ्मिनच्या प्रत्येक रेणूत तांब्याचे ६ अणू बसवले जातात. होल्मबर्ग व लॉरेल यांनी १९४८ मध्ये वर्णिलेले हे प्रथिन चक्क निळे असते. रक्तद्रवातील बहुतांश तांबे त्यातच असते. तरी त्याला एकमेव वाहक मानणे चूक, कारण ते जन्मतः नसलेल्यांच्या पेशींनाही तांबे मिळते. जादा तांबे पित्तावाटे बाहेर पडते. मेंढीत हा निचरा फार मंद असतो. म्हणून सांगली जिल्ह्यात जतकडच्या माडग्याळ मेंढ्या तासगावच्या तांबेयुक्त बोर्डो मिश्रण फवारलेल्या द्राक्षबागांत वारंवार चारणे धोक्याचे: यकृतात साठलेले तांबे एकदम रक्तात उतरले, की तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते.